एकटा सायकलस्वार आणि खिशांतलें पिस्तूल

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता पहाटेच्या वेळीं पाहण्यासारखा असतो. सातपूरची वस्ती मागें पडली, कीं कांहीं वेळानें डाव्या हातास अंजनेरीचा डोंगर काळोखांतून हळूहळू वर येऊं लागतो, समोर ब्रह्मगिरीचा कडा दिसतो, आणि थंडीच्या दिवसांत शेतांवरचें धुकें सरळ रस्त्यावर उतरतें. ह्या रस्त्यानें हल्लीं पुष्कळ सायकलस्वार जातात. त्यांत दोन प्रकार आहेत. एक प्रकार हौसेनें जाणाऱ्यांचा. ह्यांच्या डोक्याला शिरस्त्राण, अंगाला घट्ट कपडे, आणि सायकल अशी कीं तिची किंमत विचारूं नये. दुसरा प्रकार पोटासाठीं जाणाऱ्यांचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील रात्रपाळी संपवून खेड्याकडे परतणारा कामगार, दुधाच्या किटल्या लटकावलेला गवळी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधलेला पोरगा, रुग्णालयांतून सुटलेली एखादी परिचारिका. हौसेचे लोक बहुधा घोळक्यानें जातात. पोटासाठीं जाणारा बहुधा एकटा असतो.

अशा एकट्या माणसानें आत्मरक्षणासाठीं बंदूक किंवा पिस्तूल जवळ बाळगावें काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याला हंसून वाटेस लावणें सोपें आहे. परंतु ज्याला अंधारांतून रोज बारा-पंधरा मैल जावें लागतें, त्याच्या भीतीला हंसण्याचा अधिकार दिवाणखान्यांत बसलेल्या मनुष्यास कितपत पोंचतो, हाही प्रश्नच आहे.

ह्या मुलखांत वाटेचें भय जुनें आहे. निवृत्तिनाथांची कथा नाशिक जिल्ह्यांतील लहान मुलालाही ठाऊक असते. आईबाप व भावंडें यांच्यासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असतां वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली, आणि एकटा पडलेला निवृत्ति एका गुहेंत शिरला. तेथें त्याला गहिनीनाथ भेटले. निवृत्तीला वाघामुळें गुरु लाभला. सर्वांनाच असा लाभ होतो असें नाहीं.

वाघाची ती जागा आतां बिबट्यानें घेतली आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी ह्या तालुक्यांतील उंसाचे फड त्याला जंगलाइतकेच मानवले आहेत. जानेवारी २०१९ मध्यें तर गंगापूर रस्त्यालगतच्या सावरकरनगरांत, म्हणजे भर वस्तींत, बिबट्या शिरला. त्यानें कांहीं जणांस जखमी केलें, आणि अखेर वनखात्याच्या माणसांनीं त्याला भुलीचें औषध टोंचून पकडलें. हें झालें रानांतल्या जनावराविषयीं. गांवाच्या वेशीवरील बेवारशी कुत्र्यांचीं टोळकीं ह्याहून नित्याचीं, आणि सायकलस्वाराला तर बिबट्यापेक्षां कुत्र्याचीच गांठ शंभरपट अधिक वेळां पडते. त्याखेरीज माणसांचें भय आहे. मोबाइल आणि पाकीट हिसकावून नेणारे चोर आहेत. आणि सायकलवर बसलेली व्यक्ति स्त्री असली, तर पाकिटाहून मोठ्या गोष्टीचें भय तिच्या मनांत असतें, तें तिनें बोलून दाखविलें नाहीं म्हणून कमी होत नाहीं.

तेव्हां भय खरें आहे. त्यावरचा उपाय तेवढा तपासावयाचा आहे.

हा उपाय कांहीं आजचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपांत सायकल नवीन होती आणि कुत्रीं जुनींच होतीं. चालत्या चाकामागें धांवण्याची कुत्र्याची खोड त्या वेळेपासूनची आहे. त्यांत कुत्रें पिसाळलेलें असलें म्हणजे साक्षात् मृत्यूच. लुई पाश्चर यानें जुलै १८८५ मध्यें जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोंचली आणि तो मुलगा वांचला. परंतु लस निघाली म्हणून ती लगोलग गांवोगांव मिळूं लागली असें नव्हे. हिंदुस्थानांत कसौली येथें पाश्चर संस्था निघावयास १९०० साल उजाडलें, आणि कुन्नूरची संस्था १९०७ मधली. तोंपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस, पिसाळलेल्या कुत्र्याचा दांत लागला कीं घरांत रडारड सुरू होई.

फ्रान्समधील गालाँ नांवाच्या शस्त्रकारानें ही भीति हेरली, आणि १८९० नंतरच्या दशकांत केवळ सायकलस्वारांसाठीं म्हणून एक चिमुकलें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. त्याचें नांव ‘वेलो-डॉग’. व्हेलोसिपीड म्हणजे सायकल, आणि डॉग म्हणजे कुत्रा. दोन शब्दांचा हा समास त्याचें सारें प्रयोजन सांगून टाकतो. त्याची गोळी साडेपांच मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे बोरूच्या टोंकाएवढी. पुष्कळ नमुन्यांत घोडा आंत झांकलेला असे आणि चाप दुमडून ठेवतां येई, हेतु हा कीं खिशांतून ओढून काढतांना तें कपड्यांत अडकूं नये. बेल्जम, स्पेन वगैरे देशांतील कारखान्यांनींही त्याच्या नकला केल्या. पुढें ह्या रिव्हॉल्व्हरासाठीं अशीं काडतुसें निघालीं, कीं ज्यांत शिशाच्या गोळीऐवजीं तिखटाची पूड भरलेली असे. अमेरिकेंत त्याच सुमारास अमोनियाचें पाणी उडविणारीं पिस्तुलें सायकलस्वारांना विकलीं जात.

ह्या तिखटाच्या काडतुसापाशीं क्षणभर थांबण्यासारखें आहे. कुत्र्यासाठीं रिव्हॉल्व्हर केलें खरें, पण रस्त्यावर गोळी सुटली तर ती कुत्र्याला लागेल, कुत्र्याच्या मालकाला लागेल, कीं समोरच्या खिडकींत बसलेल्या म्हातारीला लागेल, ह्याचा भरंवसा करणारालाही नव्हता. म्हणून शस्त्र तसेंच ठेवून त्यांतली गोळी काढून घेण्यापर्यंत मजल गेली. तिखट मात्र नाशिककराला पॅरिसहून मागवावें लागत नाहीं.

जगप्रवासाला निघालेल्या पहिल्या सायकलस्वारांजवळही हें शस्त्र असे. टॉमस स्टीव्हन्स हा एप्रिल १८८४ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, आणि डिसेंबर १८८६ मध्यें जपानांत योकोहामा येथें पोंचला. त्याची सायकल जुन्या धर्तीची, पुढचें चाक चार फुटांहून उंच. सामान म्हणाल तर मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण अशा दोन्ही कामीं येणारा एक पावसाळी कोट, आणि एक रिव्हॉल्व्हर. १८८६ मध्यें त्यानें लाहोरापासून कलकत्त्यापर्यंतचा आपला जुना राजरस्ता ह्याच सायकलवर आटोपला. पुढें चीनमधील एका नगरांत जमाव त्याच्यावर उलटला आणि दगडांचा वर्षाव होऊं लागला. त्या वेळीं तो वांचला तो तेथील सरकारी अधिकाऱ्याच्या कचेरींत आसरा मिळाला म्हणून. हजार माणसांच्या जमावापुढें पांच-सहा गोळ्यांचा हिशेब काय लागणार? १८९४ मध्यें बॉस्टनहून जगप्रवासास निघालेली ॲनी लंडनडेरी हिच्याजवळही मोत्याच्या शिंपल्याच्या मुठीचें पिस्तूल असे, व वर्तमानपत्रांना त्या मुठीचें कौतुक तिच्या सायकलीहून कमी नव्हतें.

आतां ह्याच काळांत आपल्याकडे काय चाललें होतें तें पाहावें. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. त्या अन्वयें हिंदी माणसाला परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, आणि गोऱ्या लोकांना त्यांतून सूट मिळाली. म्हणजे ज्या राजरस्त्यानें गोरा प्रवासी निर्धास्तपणें रिव्हॉल्व्हर लटकावून जावयाचा, त्याच रस्त्याच्या कडेचा शेतकरी आपल्या पिकांतलें डुक्कर हांकण्यासाठीं ठासणीची बंदूक ठेवूं म्हणाला, तर त्याला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. शस्त्राविषयीं आपल्या लोकांच्या मनांत जो एक सल पुष्कळ दिवस राहिला, त्याचें मूळ येथें आहे. तें केवळ शौर्याच्या हौसेंत नाहीं.

नाशिककरापुढें पिस्तुलाचें नांव काढलें म्हणजे त्याला प्रथम १९०९ साल आठवतें. त्या वर्षीं २१ डिसेंबरच्या रात्रीं विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनीं गोळ्या झाडल्या. त्यासाठीं वापरलेलें ब्राउनिंग पिस्तूल विलायतेहून गुप्तपणें आलेल्या वीस पिस्तुलांपैकीं होतें. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांसावर गेले. तो विषय निराळा आहे आणि मोठा आहे. आत्मरक्षणाच्या चर्चेंत त्याची सरमिसळ करणें हें त्या तिघांवरही अन्याय करणारें होईल. कारण त्यांनीं पिस्तूल हातीं घेतलें तें स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं खचित नव्हे.

पुढें १९३१ मध्यें कराची येथील काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांच्या मर्यादेंत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातलेला होता. १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत हरि विष्णु कामथ यांनीं तो हक्क घटनेंत यावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला आणि ती सूचना मान्य झाली नाहीं. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदांत नागरिकांना एकत्र जमण्याचें स्वातंत्र्य दिलें, तें ‘शांततेनें व विनाशस्त्र’ ह्या दोन शब्दांसह. अठरा वर्षांच्या आंत एका पिढीनें मागितलेली गोष्ट त्याच पिढीनें नाकारली. ह्यांत विसंगति दिसते खरी, पण राज्य परक्याचें असतां शस्त्र मागणें आणि राज्य आपलें झाल्यावर तें प्रत्येकाच्या हातीं देणें, ह्या दोन गोष्टी एक नव्हत.

सध्यांचा कायदा १९५९ चा. परवान्यावांचून अग्निशस्त्र जवळ ठेवणें हा गुन्हा आहे, मग तें चालविलें असो वा नसो. परवाना हवा तर नाशिक शहरांत पोलीस आयुक्तांकडे, आणि शहराबाहेर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. वय एकवीस पुरें पाहिजे, पोलिसांची चौकशी व्हावी लागते, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणें शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षणही घ्यावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रें ठेवतां येतात, पूर्वीं तीन ठेवतां येत. परवान्याची मुदत मात्र तीनांवरून पांच वर्षांवर गेली. ‘मला रस्त्यानें जातांना भीति वाटते’ एवढें म्हटल्यानें परवाना मिळत नाहीं. त्या माणसाच्या जिवाला खरोखर धोका आहे कीं काय, हें अधिकाऱ्याला पटावें लागतें.

समजा, पटलें. पुढें सायकलस्वाराची खरी अडचण सुरू होते. सार्वजनिक जागीं शस्त्र न्यावयाचें तर तें पिशवींत किंवा म्यानांत, पूर्ण झांकलेलें असावें, आणि नेणाराच्या पक्क्या ताब्यांत असावें, असा नियम आहे. तें उगारून दाखविण्याची मनाई आहे. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर दिंडोरी-वणीच्या वाटेनें सापुताऱ्यास सायकलनें जाणाऱ्याला गुजरातची हद्द लागतांच तोच मनुष्य तेंच शस्त्र घेऊन कायद्याचा गुन्हेगार होतो. आणि हद्द म्हणजे घाटांतला एक फलक, दुसरें कांहीं नाहीं. निवडणुका आल्या म्हणजे परवानाधारकांना शस्त्रें पोलीस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम निघतात; तेवढ्या आठवड्यांपुरतीं कुत्रीं व चोर सुट्टीवर जात नाहींत. रस्त्यांत चहासाठीं थांबावें, तर सायकल कुलुपांत ठेवतां येते, पिस्तूल ठेवतां येत नाहीं. तें अंगावर वागवीत देवदर्शनाला जावें कसें, हा प्रश्न त्र्यंबकाच्या वाटेवर तरी क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

आणि पैसा? दिल्लींतील डिसेंबर २०१२ च्या त्या अमानुष अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्यें, कानपूरच्या सरकारी कारखान्यानें स्त्रियांसाठीं म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें हलकें रिव्हॉल्व्हर काढलें. वजन सुमारें पांचशें ग्रॅम, आणि किंमत एक लाख बावीस हजार रुपयांहून अधिक. रात्रपाळी करून सायकलनें घरीं जाणाऱ्या परिचारिकेला हें निर्भयत्व कितव्या पगारांत परवडावें, हें त्या कारखान्यानें सांगितलें नाहीं. निर्भयपणाला किंमतीची चिठ्ठी चिकटली, कीं ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज, तोच प्रथम दुकानाबाहेर राहतो.

तथापि कायदा आणि पैसा हे दोन्ही अडथळे दूर झाले असें धरून चालूं. परवाना आहे, पैसे आहेत, पिस्तूल आहे. आतां तो रस्त्यावर आहे.

सायकल हें असें वाहन आहे, कीं त्याला दोन्ही हात हवे असतात. मोटारींत बसलेल्या माणसाला भोंवतीं पत्रा आहे, पायदळानें जाणाऱ्याला जमिनीचा आधार आहे. सायकलस्वार मात्र तोल सांभाळूनच उभा असतो. उजवा हात मुठीवरून सुटला कीं त्या बाजूचा ब्रेकही सुटला. ताशीं वीस किलोमीटर वेगानें जाणारी सायकल एका सेकंदांत साडेपांच मीटर पुढें जाते. बांधाआडून दहा मीटरांवरून कुत्रें धांवून आलें, आणि तें ताशीं तीस किलोमीटर वेगानें आलें असें धरलें, तर तें पोटरीशीं पोंचण्यास सव्वा सेकंदही लागत नाहीं. ह्या सव्वा सेकंदांत पिशवी उघडावी, शस्त्र काढावें, चाप सोडवावा, नेम धरावा, आणि हें सर्व एका हातानें सायकल सांभाळीत, खड्डा चुकवीत, मागून येणाऱ्या ट्रकचा कानोसा घेत! सर्कशींतला कसबी मनुष्य हें करून दाखवील कदाचित्. तोही आधीं रिकामें मैदान मागेल.

मैदान रिकामें नसतें, ही दुसरी गोष्ट. पिस्तुलाची चुकलेली गोळी जेथें थकेल तेथेंच पडते, आणि ती हजार मीटरांपलीकडेही जाऊं शकते. नाशिकच्या आसपास हजार मीटर असे कोठें आहेत, कीं ज्यांत द्राक्षाच्या बागेंत वाकलेली बाई, मळ्यांतली झोपडी, किंवा शाळेला निघालेलीं पोरें नाहींत? कुत्र्यालाच लागली, तरी विनाकारण जनावर मारणें वा जायबंदी करणें हा गुन्हा आहेच.

बिबट्याचें गणित तर अधिकच विपरीत. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा त्याला पहिल्या अनुसूचींत ठेवतो. तरी प्रामाणिकपणें स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचवितांना तो मेला तर तो गुन्हा होत नाहीं, असेंही तोच कायदा सांगतो. अडचण कायद्याची नाहीं. अडचण ही, कीं बिबट्या दिसतो तेव्हां तो बहुधा निघून जात असतो, आणि हल्ला करावयाचा असतो तेव्हां तो दिसत नाहीं. सावरकरनगरांतल्या बिबट्याला पकडणारे लोक धंद्याचे जाणकार होते, त्यांच्याजवळ भुलीचीं औषधें होतीं, तरीही त्यांना सायास पडले. लहान पिस्तुलाची गोळी लागून घायाळ झालेला बिबट्या उंसांत शिरला, तर त्या शेताच्या मालकानें दुसऱ्या दिवशीं तोडणीला माणसें कशीं घालावीं?

राहिला मनुष्य. येथें पिस्तुलाची बाजू सर्वांत बळकट आहे, आणि ती बळकट आहे हें मान्य केलें पाहिजे. कसारा घाटासारख्या जागीं रात्रीं एकट्या पडलेल्या स्त्रीनें ‘पोलिसांना बोलवा’ हा उपदेश ऐकून काय करावें? एकशें बारा हा आंकडा फिरविण्यास आधीं मोबाइलला लहर तर मिळाली पाहिजे. आत्मरक्षणाचा हक्क पूर्वीं भारतीय दंडविधानांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतही तो चौतिसाव्या कलमापासून पुढें सविस्तर दिलेला आहे. मृत्यूची वा भयंकर इजेची खरी भीति असतां, बलात्काराच्या किंवा ॲसिड फेंकण्याच्या हल्ल्यांत, प्रतिकार करतांना हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा त्या स्त्रीला दोष देत नाहीं. मात्र रक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क तो कोणालाही देत नाहीं. पाकीट हिसकावून पळणाऱ्या पोराच्या पाठींत गोळी घालणें हें रक्षण नव्हे.

परंतु येथेंही हल्ला सांगून येत नाहीं. वाटमाऱ्या मागून मोटारसायकलवर येतो, आणि पहिला धक्का तोच देतो. सायकलस्वार रस्त्यावर पडलेला असतो. त्याचें पिस्तूल पिशवींत असतें, आणि पिशवी चोराच्या हातीं गेलेली असते. ज्या चोराजवळ घटकेपूर्वीं चाकू होता, त्याच्याजवळ आतां परवानाधारकाचें भरलेलें पिस्तूल आहे. माकडाच्या हातीं कोलीत म्हणतात तें हेंच. फरक इतका, कीं येथें कोलीत आपणच विकत घेऊन, रांगेंत उभें राहून, सही-शिक्क्यानिशीं त्याच्यापर्यंत पोंचतें केलेलें असतें.

आणि रस्त्यावर सायकलस्वाराचा ज्याच्यापासून रोज जीव जातो तो शत्रु तर ह्या यादींत अद्याप आलाच नाहीं. तो म्हणजे मागून येणारें वाहन. त्याच्यावर कोणी पिस्तूल रोखीत नाहीं.

मग जुन्या काळीं एकटा मनुष्य रानांतून जात कसा असे? आगगाडी सर्वत्र पोंचण्यापूर्वीं टपाल नेणारा हरकारा रात्रीं-अपरात्रीं घाटांतून धांवत जाई. त्याच्या खांद्यावर भाला असे, आणि त्या भाल्याला घुंगरूं बांधलेलें असे. भाल्याचा उपयोग त्याला क्वचित् पडे. घुंगरांचा प्रत्येक पावलाला पडे. जनावराला आगाऊ सूचना मिळे आणि तें वाट सोडी. गांवाला सूचना मिळे, आणि पुढच्या चौकीवरचा मनुष्य उठून बसे. फार घोर रान असलें तर त्याच्यासोबत मशालजी आणि ढोलकरी दिले जात. हरकाऱ्यांनाही वाघांनीं खाल्लें आहे, हें खरें. पण ज्यानें ही व्यवस्था बसविली त्याला एक गोष्ट कळली होती, कीं रानांत लपून जाणारा मारला जातो आणि वाजत जाणारा पोंचतो. आज बिबट्याच्या मुलखांत वनखात्याचे लोक शेतकऱ्याला जें सांगतात, तें ह्याहून फारसें वेगळें नाहीं: रात्रीं बाहेर पडतांना विजेरी घ्या, मोठ्यानें बोला, गाणें लावा, घुंगरांची काठी ठेवा.

सायकलला घंटा असते, दिवा असतो. त्यांना आपण शोभेच्या वस्तू समजतों, आणि सायकल घेतांना दुकानदाराशीं पहिली घासाघीस त्यांवरूनच करतों.

कुत्र्यांविषयीं खेड्यांतील पोस्टमनला जें ठाऊक असतें, तें सांगून टाकणें बरें. कुत्रें माणसामागें लागत नाहीं, पळत्या चाकामागें लागतें. वेग कमी करून खालीं उतरावें आणि सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्यें धरावी, म्हणजे निम्मीं कुत्रीं बुचकळ्यांत पडून भुंकत राहतात. खालीं वाकून दगड उचलल्याचें नुसतें सोंग केलें, तरी उरलेल्यांपैकीं पुष्कळ मागें सरतात. दगड असलाच पाहिजे असें नाहीं. तिखटाचा फवारा बाजारांत मिळतो, त्याला परवाना लागत नाहीं. तो मात्र हाताशीं असावा, पिशवीच्या तळाशीं नव्हे, आणि वाऱ्याची दिशा पाहून उडवावा, नाहीं तर तिखट उडविणाराच्याच डोळ्यांत जातें. इतकें करूनही दांत लागलाच, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, त्यावर हळद-चुना लावूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. लशीचे सर्व डोस पुरे करावेत. जखम खोल असेल तर जखमेभोंवतीं टोंचावयाचें निराळें औषधही असतें, तें मागून घ्यावें. पाश्चरच्या काळांत ज्या भीतीनें लोकांनीं खिशांत रिव्हॉल्व्हर घातलें, त्या भीतीवर आज खेड्याच्या आरोग्य केंद्रांत औषध आहे. तेवढ्यापुरता तरी गालाँचा धंदा बुडाला, ह्याचा आनंद मानावयास हरकत नाहीं.

सोबतीचें महत्त्व ज्यांनीं सायकलवर जग पालथें घातलें, त्यांच्याइतकें कोणाला कळणार? १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चांत प्रवास पुरा करून परत आले. साडेचार वर्षें, वाळवंटें, अरण्यें. त्यांत तिघे जोडीनें राहिले. आणि नाशिकच्याच मंडळींचें उदाहरण हवें तर डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या भावांचें घ्यावें. २०१५ मध्यें त्यांनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या जोडीनें आठ दिवस चौदा तास पंचावन्न मिनिटांत पुरी केली. ज्या देशांत घरोघर बंदुका आहेत, त्या देशाच्या ओसाड रस्त्यांवरून रात्रीं जातांना शर्यतीचा नियम काय? सायकलस्वारानें पिस्तूल बाळगावें हा नव्हे. त्याच्या मागोमाग दिवे लुकलुकत असलेली त्याच्या माणसांची मोटार चालली पाहिजे, हा नियम. २०१७ मध्यें लष्करांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत ‘एकट्यानें’ पुरी केली. त्या एकटेपणाच्याही पाठीशीं रात्रभर दिवा होता.

दुधवाल्याला मागें मोटार ठेवतां येत नाहीं, हें उघडच आहे. त्याच्या पाठीशीं दिवा ठेवावयाचा तर तो रस्त्याच्या खांबावरच असावा लागतो, आणि खांबावरचा दिवा महिनोन्महिने बंद असला तर त्याविषयीं अर्ज करावयास लागणारा कागद शस्त्राच्या परवान्याच्या कागदाहून स्वस्त असतो. कारखान्याची पाळी सुटण्याच्या वेळीं बस असेल, तर रात्रीं दोन वाजतां सायकल मारण्याची पाळीच पुष्कळांवर येणार नाहीं. रुग्णालयानें रात्रपाळीच्या बायकांना घरीं पोंचविण्याची सोय केली, तर त्यांतल्या एकीलाही ‘निर्भीक’ची किंमत विचारावी लागणार नाहीं.

तोंपर्यंत लोक आपली तजवीज आपण करतात. पाळी सुटल्यावर सातपूरच्या नाक्यावरील चहाच्या टपरीपाशीं चार-पांच सायकली भिंतीला टेकलेल्या असतात. कोणी विल्होळीकडचा, कोणी महिरावणीचा, कोणी पार तळेगांवपलीकडचा. ज्याचा चहा आधीं संपतो, तो लगेच निघत नाहीं. बिडी पेटवितो, हवा तपासतो, त्र्यंबकाच्या दिशेला जाणारा आणखी कोणी येतो कीं काय तें पाहत राहतो. दुसरा आला, कीं मग दोघे सायकली ओढतात, आणि अंधारांत थोडा वेळ त्यांचें बोलणें आणि एका सैल झालेल्या मडगार्डाचा खडखडाट ऐकूं येत राहतो.